दारातली बाटली

"आधी मान वर करा आत्या, मग आत या," हर्षा दारातच म्हणाली.

सुमतीआत्या कन्हानहून आल्या होत्या. संक्रांतीचं वाण, तिळाचे लाडू, आजारी वहिनीसाठी लोकरीची शाल, सगळं पिशवीत. एवढ्या लांबून बसमध्ये उभ्यानं आलेली बाई, आणि भावाच्या उंबरठ्यावर भावाची सून हातात बाटली घेऊन आडवी.

"हे काय वं?"

"नाकात मारायचा फवारा आहे, नायट्रिक ऑक्साइडचा. सर्दीतापाचा विषाणू नाकातच मरते म्हणतात. थोडं झोंबते."

"मले साधं पडसं आहे. थंडीत कोणाले नसते?"

"मग दोन्ही नाकपुड्यांत मारा लागते," हर्षा शांतपणे म्हणाली.

आत्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "मी काय महामारी घेऊन आली का?" म्हणाल्या आणि आल्या पावली वळल्या. त्यांचे भाऊ मनोहरराव पेपर टाकून चपला शोधेपर्यंत ऑटो कोपऱ्यावरून वळलाही होता.

सख्खी बहीण, आणि तीसुद्धा सणाच्या दिवशी! मनोहररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाळीत त्यांच्या बायकोला, जयवंताला, न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की छाती नाजूक झाली आहे, पुन्हा असं दुखणं झेपायचं नाही, सर्दीखोकल्याच्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. फवारा वापरायचा तर वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रोहितनं, म्हणजे मुलानं, बाटली आणली आणि सुनेनं त्याचा कायदा केला. शेजारच्या देवकीबाई पहिल्याच दिवशी रुसल्या. मग भजनातल्या बायका एकेक करून गळाल्या. ज्या घरात चहाचं आधण उतरत नसे, तिथे आता दुपारी मांजर फिरकेना. जयवंतानं जन्मात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि तिच्याच दारावर हा पहारा.

त्यात मनोहरराव इतवारीतल्या सराफ्यात सोनं गाळण्यात म्हातारे झालेले. नायट्रिक म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सोन्यातली चांदी, तांबं खाऊन टाकणारं तेजाब! कॅनवर हेच नाव असायचं. त्याचा तांबूस धूर गिळून गिळून थोरला भाऊ केशव खोकत खोकत गेला होता.

"बाबा, ते ॲसिड वेगळं, हे वेगळं," रोहितनं कितीदा तरी सांगितलं.

"मले नको शिकवू गा. परवा तुह्या बायकोनं माह्या नाकात मारलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. तेजाबाची आग मी झोपेत ओळखीन."

आज मात्र त्यांनी आवाज चढवला तो चढवलाच. हर्षा ओट्यापाशी मान खाली घालून उभी होती.

"काहून वं, कोणाच्या घरी राहून राहिली तू? माह्या बहिणीले दारातून परत लावणारी तू कोण? तुह्या माहेरचं कोणी आलं असतं, तर असंच केलं असतं?"

रोहित म्हणाला, "बाबा, जरा हळू. आईले झोप लागली असंल."

"ऐकू दे तिले! उद्या ही कन्हानले जाईल, सुमतीच्या पाया पडंल. नाहीतर मी जयवंताले घेऊन तिथंच राहाले जातो. तिथं दहा माणसं आहेत, पोरंसोरं आहेत. माणसांत राहिली तर बरी होईल."

हर्षाचा चेहरा उतरला. "बाबा, तिथं नका नेऊ आईंना. वाटलं तर मी आज संध्याकाळीच जाते. आत्यांच्या पाया पडते."

आता कशी जमिनीवर आली, मनोहरराव मनाशी म्हणाले. पण राग निवेना. घरात बसून सासूला कोंडून ठेवायचं, आणि वर साळसूदपणा. त्यांनी दारातली बाटली उचलली आणि तरातरा आतल्या खोलीत गेले.

जयवंता भिंतीकडे तोंड करून पडली होती. नणंद परत गेल्यापासून ती तशीच होती. मनोहरराव पलंगाच्या कडेला टेकले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "रडू नको वं. हे तेजाब मी आता नालीत ओतून टाकतो. उद्या आपण कन्हानले जाऊ. तिथं तुले माणसांपासून कोणी तोडणार नाही."

जयवंता कुशीवर वळली. हाताचा आधार घेऊन उठून बसली. तिनं नवऱ्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि पदरानं पुसली.

"मीठपाणी आहे ते," ती म्हणाली.

"काय?"

"औषध केव्हाचंच संपलं. दुकानात भेटत नाही आता. मीच भरते. मीठ जरा जास्त टाकते, झोंबावं म्हणून."

मनोहररावांचा हात आपसूक नाकाकडे गेला.

"अन् हर्षा? तिले माहीत आहे?"

"तिच्या तर हातापाया पडली मी. आलेल्या माणसाले परत जा म्हणायले माही जीभ रेटत नाही, बाटली पाहून माणूस आपणच फिरते. अन् तुमच्या बहिणीले मी परत लावलं असतं, तर तुम्ही मले सोडलं असतं? आज आत्या शिंकतच ऑटोतून उतरल्या, मी खिडकीतून पाहिलं. मीच आवाज दिला हर्षाले." तिनं बाटली त्यांच्या हातात परत दिली. "जा, दारात ठेवून या. म्हणलं होतं मी तिले, पोरी, वाईट तू हो. मले अजून जगायचं आहे."