भाता

दुकानदाराने दोन कीबोर्ड शेजारी शेजारी मांडले आणि म्हातारीने दोन्हींनाही नावं ठेवली. एकाच्या पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या हलक्या, दुसऱ्याचा आवाज डब्यात कोंडल्यासारखा. दोनशे ठेके आहेत म्हणून त्याने कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "दोनशे कशाला? ह्यांना जन्मभर चार पुरले."

नवरा खुर्चीवर बसून होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा डावा हात ठेवला तिथेच राहायचा. तेव्हापासून घरातली पेटी दोघं मिळून वाजवत. पट्ट्यांवर त्याचा उजवा हात, भात्यावर तिचा. कुठे तो थांबणार, कुठे सूर लांबवणार, हे तिच्या हाताला आधीच कळायचं. आता तिचा खांदा धरला होता, रात्र रात्र ठणकायचा, म्हणून लेकीने दोघांना इथे आणलं होतं.

दुकानदार धीराचा माणूस. स्वस्तातल्या कीबोर्डवर डावीकडे एक बोट दाबून ठेवायचं, चाल फिरली की बोट हलवायचं, मग मागची साथ आपोआप वाजते, असं त्याने दाखवलं. दुसरा जरा महाग, पण एका हातावर भागतं. उजव्या हाताचे सूर ओळखून साथ तो आपली आपणच धरतो.

"पहिलाच बरा," म्हातारी लगेच म्हणाली. "एक बोट काय, मी दाबीन. बोटाला कुठे खांदा लागतो?"

आई, पैशाकडे बघू नकोस, असं लेक म्हणायला गेली. म्हातारीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तेवढ्यात नवऱ्याने उजवा हात दुसऱ्या कीबोर्डवर ठेवला. रोजचीच चाल धरली. आधी अर्धी, मग सगळी. साथ मागोमाग चालली, कुठे अडली नाही. त्याने मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. झटक्यापासून बोलणं जड झालेलं, तरी एकेक शब्द जुळवत तो बायकोला म्हणाला, "हाच घेऊ. सुटलीस तू."

"सुटले," म्हातारी म्हणाली.

दुकानदार खोकं आणायला आत गेला. नवरा डोळे मिटून पुन्हा वाजवू लागला. म्हातारी त्याच्या डाव्या अंगाला, तिच्या नेहमीच्या जागी उभी होती. काचेच्या काउंटरवर तिचा हात पुढे-मागे होत होता. सूर लांबला, तसा तोही लांबला.