बांधावरचा विस्तव

खापरातला निखारा चर्र करून विझला, तेव्हा छबुबाई त्याच्यापासून चार पावलांवर होती.

"इझला गं आक्का," ती बांधापलीकडं ओरडली.

"मग लौकर चाल की," पलीकडच्या खोपटातून थोरली जाऊ मंजुळाबाई म्हणाली.

"तू दारात पोचल्याबिगर मी कशी येऊ?"

गावात प्लेगाचे उंदीर पडले, तहसिलीचा हुकूम आला आणि सगळं गाव माळावर खोपटी घालून राहिलं. ज्याच्या खोपटात ताप, त्यानं बांध ओलांडायचा नाही. देणारीनं वस्तू बांधावर ठेवून आपलं दार गाठायचं, मगच घेणारीनं यायचं. शेजारच्या खोपटातल्या सरस्वतीबाईच्या पोराला गाठ आली तेव्हा हा नेम छबुबाईनंच काढला होता. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईनं.

आत तिचा नवरा धुळाजी हुडहुडत होता. काखेत गाठ, अंगात ताप, आणि वरून हा अवकाळी पाऊस. छप्पर गळून चूल विझली होती, आगपेटीचा चिखल झाला होता. घोटभर ऊन पाणी, एवढंच तो दुपारपासून मागत होता.

मंजुळाबाईनं पुन्हा निखारा आणून ठेवला, वर दुसरं खापर पालथं घातलं. या खेपेला छबुबाईनं तो जिवंत घरात आणला. उशी फाडून कोरडा कापूस काढला, वर कपाशीच्या पळाट्या रचल्या आणि फुंकू लागली. कापूस करपला. ओल्या पळाट्या नुसत्या सुसू करत राहिल्या. डोळ्यांत धूर गेला, भोकाड पसरावंसं वाटलं, पण फुंकायला दम हवा होता. निखारा काळा पडला.

"आक्का, आनिक एक," ती दारातून ओरडली आणि आत वळली.

धुळाजीची हुडहुडी थांबली होती. तिला हायसं वाटलं.

"आवं, बरं वाटतंय व्हय?"

तिनं कपाळाला हात लावला. मग छातीला. मग नाकापाशी बराच वेळ धरून ठेवला. घोंगडं त्याच्या तोंडावर ओढून ती बाहेर आली.

मंजुळाबाई बांधावरच उभी होती. माघारी गेली नव्हती. भिजलेला पदर खापरावर धरून ती वाकली होती आणि तिच्या खोपटातून पोरं आईला हाका मारत होती.

"ये, हातातनं घे," ती म्हणाली. "मसनात गेला तो नेम. भावजींला ऊन पानी दे."

छबुबाई जागची हलली नाही.

"तू माघारी जा, आक्का. तुला पोरं हायत."

"आन इस्तू?"

"आता घाई न्हाई. सकाळी मडक्यात घालून दे."