दिवा विझल्यावरचे बुडबुडे

"पाहुणे जिन्यावर आहेत, आता तोंड बंद ठेव," सर म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालची बॅटरी फडक्याने झाकली. हेमांगीने लोहाच्या ऑक्साइडमध्ये किंचित टायटॅनियम घालून काचेवर पातळ थर चढवला होता. त्यावर प्रकाश पडला की पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे यायचे. मोजकेच, पण खरे. सरांना ते पाहुण्यांपुढे फार थोडे वाटले.

पाहुण्यांच्या समितीने दिवा लावायला सांगितलं. बुडबुडे उसळले. अध्यक्षांनी सहज दिवा बंद केला, तरी बुडबुडे येतच राहिले. सरांचा चेहरा उतरला.

"वा! म्हणजे हे रात्रीसुद्धा चालतं की!" अध्यक्ष खूश झाले. समितीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी टेबलाखाली पाहिलं, ते ओठांतल्या ओठांत हसले आणि त्यांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

 हेमांगीच्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती.

"किती वर्षं लागली गं याला?" अध्यक्षांनी विचारलं.

"चार," सर घाईने म्हणाले.

"माझ्या काचेला चार लागली," हेमांगी म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ते सरांनी सकाळी दहा मिनिटांत बॅटरीला जोडलं."