दाराला उष्टं चालत नाही

दामोदरपंतांनी कुलपाच्या काचेला पुन्हा जीभ लावली.

"लाळ अपुरी," दार म्हणालं. "बीपीची गोळी, वर सकाळपासून नुसता चहा. घाबरू नका, भीतीनं तोंड आणखी सुकतं."

स्वयंपाकघरातला धूर आता बैठकीत शिरला होता. ते घटाघटा पाणी प्यायले, जीभ टेकवली.

"हे पाणी आहे," दार म्हणालं.

बाहेरून सून ओरडली, "बाबा, चिंच आठवा! तिखटमीठ लावलेली कैरी आठवा!" सांगता सांगता तिच्याच तोंडाला पाणी सुटलं. तिनं बाहेरच्या काचेला जीभ लावली.

"सूनबाईंची लाळ ओळखली," दार अदबीनं म्हणालं. "पण पंत, कुलूप बसवलं तेव्हा आपणच बजावलं होतंत, माझ्या दाराला हिचं उष्टं चालणार नाही."

"चालेल!" ते खोकत ओरडले.

"हुकूम बदलायचा असेल, तर काचेला जीभ लावा."