पहिलं उद्दिष्ट

लाउ बेटांमधल्या त्या गावाला बोटी लागायला धक्काच नाही, म्हणून राजधानीहून आलेल्या राष्ट्रीय वाहतूक मंडळाच्या साहेबांना गावातल्या इलाइतियानं लाँचपासून किनाऱ्यापर्यंत पाठीवरून आणलं. साहेबांनी बूट तेवढे स्वतः धरले होते. वाळूत उतरून त्यांनी ते घातले, स्वागताच्या यांगोना पेयाचे पेले रिचवले, नारळाच्या दुधातला मासा चापला आणि मग मंडळाचं ध्येय वाचून दाखवलं : प्रत्येक बेट, प्रत्येक माणूस, सुरक्षित प्रवास. उद्दिष्टं तर इतकी निघाली की गावप्रमुख बसल्याबसल्या पेंगला.

ऊन कलल्यावर साहेब पुन्हा इलाइतियाच्या पाठीवर बसले. पाणी कमरेला लागलं तसा तो म्हणाला, "साहेब, आईचा पाय सुजून काळा पडलाय. ती बघा, चटईवर गाठोडं घेऊन बसलीय. नेहमीच्या जहाजाचा तर पत्ताच नाही. तुमच्या लाँचमधून तिला दवाखान्यापर्यंत न्या ना."

"अरे बाबा, ह्या लाँचला उतारू न्यायचा परवाना नाही," साहेब त्याच्या कानाशी म्हणाले. "सुरक्षितता हे आमचं पहिलं उद्दिष्ट. मगाशी काय झोपला होतास?"

इलाइतिया थांबला. पाणी आता छातीपर्यंत आलं होतं.

"नाही साहेब, नीट ऐकलं. पण मग माझ्या पाठीला तरी कुठाय परवाना?"

एवढं बोलून त्यानं साहेबांच्या पायांखालचे हात सोडले. मग लाँचवाल्याला "थांब रे!" अशी हाक मारून तो आईला पाठीवर घ्यायला किनाऱ्याकडे वळला.