पाचव्या दिवसाचा चहा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शरयूताईंच्या सहलीच्या अर्जाचं उत्तर आलं. सात दिवसांपैकी सहा मंजूर होते. डोंगर, खिंड, दोन्ही राष्ट्रीय उद्यानं. पाचवा दिवस, म्हणजे शेरगुल हिमनदी, नामंजूर होता.

सांगलीच्या शाळेत ताईंनी बत्तीस वर्षं फळ्यावर हिमनदी काढून शिकवली होती. प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती.

हिमनदी रात्रीत जेवढं पाणी पुन्हा गोठवू शकते, तेवढंच वितळवणारी उष्णता आता दिवसा तिच्यावर जाऊ देतात. माणसांच्या अंगची उष्णताही त्यातच धरतात. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ उल्हास मिळून, सामानासकट, त्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त भरले होते.

उल्हासने अर्ज पुन्हा वाचला. ‘सोबतच्या गरम वस्तू’ या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं, थर्मासभर चहा, दोन लिटर.

“ताई, हे कशाला लिहिलंस?”

“विचारलं होतं म्हणून.”

“लोक न सांगताच नेतात.”

“म्हणून तर हिमनदी एवढी वितळली. आणि चहा तुझ्यासाठीच होता. स्वतःच्या लग्नात गार झाला म्हणून परत पाठवलास तू.”

उल्हासने ती नोंद खोडून लिहिलं, ‘चहा, गार.’

“पिशील?”

“बर्फाकडे बघत पिईन.”

साडेदहाला दुरुस्त केलेला अर्ज गेला. ताईंनी पिशवीत दोन स्वेटर भरले, उल्हासने थर्मास माळ्यावर टाकला. संध्याकाळी पाचपर्यंत पाचव्या दिवसापुढे ‘विचाराधीन’ असं दिसत होतं.