पहिल्या बर्फाची मोळी

चुलीवरच्या किटलीचं झाकण खडखडलं, आणि इत्तोला कळलं की रात्री बर्फ पडून गेलाय. एरवी एवढंसं झाकण कुणाला ऐकू येतं! आज कोंबडे, कुत्री, ओढा, शेजारची खोकणारी म्हातारी, सगळं गप्प होतं. तिने खिडकीला लावलेलं पोतं बाजूला केलं. अंगण नव्हतं. कुंपण नव्हतं. पांढरा उतार सरळ देवदारांच्या रानापर्यंत गेला होता आणि त्यावर अजून एकही पाऊल उमटलं नव्हतं.

माहेरी असताना अशा सकाळी ती कुणाला न सांगता निघून जायची. आता इज्जा चार वर्षांची होती, धाकट्याला दात येत होते, आणि नवरा मोहा दूर मेकनेस शहरात बांधकामावर होता. याआधी आपण अगदी एकट्या कधी होतो, ते इत्तोला आठवेना. पण नुसती चालायला जाते, असं या गावात कुणी म्हणत नाही. नुसते चालतात ते वेडे, नाहीतर रुसून माहेरी निघालेल्या बायका.

तिने खुंटीवरचा दोर आणि कोयता काढला.

"लाकडं आणते," ती म्हणाली.

सासरे बास्सू दवण्याच्या चहात भाकरी बुडवत होते. "आज? अगं, कोल्हासुद्धा आज बिळातून नाक बाहेर काढायचा नाही. रानात कोण तुझ्यासाठी चहा घेऊन बसलंय?"

सासू हद्दा बाळाला खांद्यावर थोपटत चुलीपाशी बसली होती. तिला सारं गाव टरकून असे, मेंढ्यासुद्धा. तिने इत्तोकडे पाहिलं, मग दोराकडे. इत्तोने मान खाली घातली.

"जाऊ दे तिला. लाकूड लागतंच," हद्दा म्हणाली. "पण ए, या घरात रिकाम्या पाठीने परत यायची रीत नाही."

पहिलं पाऊल इत्तोने उगाचच जपून टाकलं. बर्फ दबला, कापूस मुठीत आवळावा तसा. मग दुसरं. मग तिने मोजणंबिजणं सोडून दिलं. हात मोकळे होते. त्यांत कुणाचं बोट नव्हतं, कुणाचा घास नव्हता. आधी तर त्या हातांचं काय करावं तेच तिला सुचेना. मग तिने ते पसरले.

रानात शिरल्यावर एका फांदीने आपला भार टाकला. थंड भुकटी तिच्या मानेतून थेट पाठीपर्यंत गेली. इत्तो मोठ्याने हसली आणि दचकून मागे बघू लागली. मागे फक्त तिचीच पावलं होती. वर एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती, भुवयांवर बर्फ साचलेला. पोरं घरी ठेवून आलीस? नशीबवान आहेस बाई, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

वरच्या पठारावर इत्तो एका खोडाला टेकून बसली. तिने काहीच केलं नाही. कुणी हाक मारली नाही. सूर्य वर येईपर्यंत बर्फ निळा होता. मग गुलाबी झाला. मग नुसता उजेड.

छाती दुधाने दाटली तेव्हा तिला घर आठवलं. घर आठवलं तशी लाकडं आठवली. ती धडपडत उठली. पडलेल्या फांद्या सगळ्या बर्फाखाली होत्या. वाकलेल्या एका फांदीवर तिने कोयता मारला, तो गोठलेल्या सालीवरून घसरला. हाताला आल्या त्या दोन ओल्या काटक्या. त्या घेऊन गेली तर सासरे वर्षभर चिडवतील, ते एक वेळ चालेल. पण पुढच्या बर्फाला तिला दाराबाहेर कोण सोडणार? तिने काटक्या टाकून दिल्या.

ती घराच्या मागच्या बाजूने आली. मेंढ्यांच्या छपरात हद्दा उभी होती.

"लल्ला," सासूला मानाने हाक मारत इत्तो म्हणाली, "बर्फाखाली काही दिसतच नव्हतं, मी खूप..."

"दोराची गाठ सकाळची तशीच आहे," हद्दा म्हणाली.

हद्दाने भिंतीकडचं गवत सारलं. खाली एक मोळी होती. झिजलेल्या दोराने बांधलेली, धुळीने माखलेली.

"वळ."

"ही कुणाची?"

"माझी. हिवाळ्याच्या तोंडावर आणून लपवायचे मी. पहिल्या बर्फासाठी. माझी सासू होती तेव्हापासून." हद्दाने मोळी तिच्या पाठीला लावली. "दोन हिवाळे झाले, पडून आहे. गुडघे ऐकत नाहीत." दोर आवळता आवळता तिचे हात थांबले. "वर पठारापर्यंत गेलीस?"

"गेले."

"बर्फ निळा होता?"

"होता. मग गुलाबी झाला."

मग हद्दाने दोराला हिसका दिला. "चल. पोरगं रडतंय. आणि आत गेल्यावर ते तोंड जरा पाड. लाकडं आणलेली बाई अशी हसत नाही."

मोळी पाहून बास्सूंचा घास हातातच राहिला. "वा गं पोरी! एवढ्या बर्फातून? बघ हद्दा, शीक काहीतरी सुनेकडून. तू तर पहिल्या बर्फाला सकाळची जायचीस ती उन्हं चढल्यावर यायचीस."

हद्दाने मान वर केली नाही. इत्तोने बाळाला पाजायला घेतलं. घर पुन्हा शांत झालं. किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

इज्जा मोळीपाशी उकिडवी बसली. तिने एका लाकडावरून हात फिरवला. मग आईच्या ओल्या घोंगडीवरून. मग परत लाकडावरून.

"आई," तिने विचारलं, "तू एवढी भिजलीस, मग लाकडं का नाही भिजली?"